नावेचे वाळवण

माणसाने उन्हात काय काय वाळत घालावे याला आमच्या वर्ध्यात काही मर्यादा नाही. पापड, कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या, मिरच्या, गहू, गाद्या आणि जुने हिशेबाचे कागद, असे सगळे आम्ही मार्च ते जून आलटून पालटून उन्हात टाकतो. पण २०२४ सालच्या मार्चमध्ये आमच्या अंगणात जे येऊन पडले, ते वर्ध्यात पूर्वी कोणी वाळत घातले असेल असे वाटत नाही. ती एक शिडाची होडी होती. चांगली सव्वातेरा फुटांची, फायबरची, आणि वयाने आमच्या थोरल्या मुलाएवढी.

तुम्ही म्हणाल, वर्धा कुठे, समुद्र कुठे? अगदी बरोबर. आमच्यापासून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटरवर आहे. पण होडी आली ती समुद्र नाही म्हणूनच आली. त्याचे असे झाले.

एका रविवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे दादा. आमचा दादा मुंबईला असतो. २०१२ साली आई गेली, तेव्हापासून आम्हा दोघा भावांचे बोलणे दिवाळीच्या फोनपुरते उरले होते, आणि तेसुद्धा आमची ही आणि वहिनी यांच्यामार्फत. आई गेली तेव्हा दादा वेळेवर पोचला नाही. त्याचे म्हणणे, मी कळवायला उशीर केला. माझे म्हणणे, त्याने निघायला उशीर केला. उशीर कुणाच्या बाजूने झाला याचा निकाल बारा वर्षांत लागला नव्हता. वहिनीही दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि तो दिवाळीचा फोनही बंद पडला. अशा परिस्थितीत दादाचा फोन आला, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

"बाळ्या," दादा म्हणाला, "तुमच्याकडे ऊन कसं आहे?"

बारा वर्षांनंतर माणूस काय विचारील याचे मी मनात अनेक अंदाज बांधून ठेवले होते. त्यात ऊन नव्हते.

"कडक आहे," मी म्हणालो.

"आणि हवा? कोरडी?"

"ओठ फुटलेत."

"छान," दादा म्हणाला. "मग मी होडी पाठवतो."

दादाला पाण्याचे वेड लहानपणापासूनचे. आमचे आजोळ पवनारचे. दादा अकरा वर्षांचा आणि मी सात वर्षांचा असताना त्याने डालडाच्या सहा रिकाम्या डब्यांना डांबर लावून त्यांवर फळी बांधली होती आणि धाम नदीच्या डोहात आमचे पहिले जलावतरण केले होते. तीन डबे त्याने बंद केले होते, तीन मी. डोहाच्या मध्यावर फळी एका अंगाला कलली. "याच्या बाजूनं गळतंय!" दादा ओरडला. "याच्याच बाजूनं!" मी ओरडलो. काठावर आई गोधड्या धूत होती. ती कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि ओरडली, "कोनाच्या का बाजूनं गळंना, आधी बाहेर निघा!" बाहेर निघाल्यावर दोघांनाही सारख्या मापाने मिळाले. न्यायदानात आईने कधी दुजाभाव केला नाही.

पुढे दादा बँकेच्या नोकरीत मुंबईला गेला आणि मी इथेच शाळेत चिकटलो. १९८२ सालच्या नोव्हेंबरात पवनारला विनोबा गेले, तेव्हा मी त्या गर्दीत उभा होतो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी दादा मुंबईच्या समुद्रावर आशियाई खेळांच्या शिडांच्या शर्यती बघत होता. फायरबॉल नावाच्या होडीत आपल्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले ते तेव्हाच. पण दादाच्या डोक्यात भरली ती एंटरप्राइज नावाची निळ्या शिडांची होडी. जॅक होल्ट या इंग्रजाने १९५६ साली ती बेतली. तिच्यात माणसे बसतात दोन. त्या वर्षीचे एंटरप्राइजचे सुवर्णपदक पाकिस्तानच्या बैराम आवारी आणि गोशपी आवारी यांना मिळाले, आणि हे दोघे नवराबायको होते! सव्वातेरा फुटांत नवराबायको बसतात, एकमेकांना सूचना देतात आणि वर पदक मिळवतात, ही गोष्ट मी हिला सांगितली तेव्हा ही एवढेच म्हणाली, "सुकाणू तिच्या हातात असेल."

असल्याच एका एंटरप्राइजवर दादाने पुढे, फार वर्षांनी, लिलावात पैसे लावले. वहिनीच्या आजारपणात तो तिच्याकडे फिरकला नाही. पावसाळा सोडला तर ती धक्क्याजवळ पाण्यातच बांधलेली असे, आणि नंतर दादाच्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली, पोटात पावसाचे पाणी घेऊन पडून राहिली. मग सोसायटीची इमारत पाडून नवी बांधायचे ठरले आणि तिला नोटीस मिळाली.

संत्री घेऊन मुंबईला गेलेल्या एका ट्रकातून परतीच्या भाड्याने ती वर्ध्याला आली. ती उतरवताना अर्धी गल्ली गोळा झाली.

"हे काय होय जी भाऊ?" शेजारच्या काकांनी विचारले.

"होडी."

"डोंगा होय म्हना ना! मंग पानी कुठी हाये?"

पाणी तिच्या पोटातच होते, हे दादाने दुसऱ्या दिवशी आल्यावर सिद्ध केले. बहात्तरीला आलेला दादा मला एकदम म्हातारा वाटला. हातात किंचित कंप होता. पण होडी दिसताच त्याने चपला काढल्या, खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि तिच्या तळावर टकटक करायला सुरुवात केली, अगदी आपण टरबूज वाजवून घेतो तसे. चांगल्या जागी नाणे 'टक्' वाजे, आणि मधूनच 'भद्' असा आवाज येई. जिथे 'भद्' तिथे दादा खडूने गोल करी. तासाभराने होडीला देवी आल्यासारखी दिसू लागली.

"लाकूड कुजतं, लोखंड गंजतं," दादा म्हणाला. "फायबरला लोक समजतात, काही होत नाही. पण ते पाणी पितं. वरचा जेलकोट दिसतो काचेसारखा, पण वर्षानुवर्षं पाण्यात ठेवला की त्यातूनही पाणी झिरपतं. आत रेझिनमध्ये जे काही विरघळण्यासारखं असेल ते विरघळतं, त्याचा घट्ट रस होतो, तो रस आणखी पाणी ओढून घेतो, आणि मग फोड येतो. वरून काही दिसत नाही. आतल्या आत."

त्याने एक फोड स्क्रू ड्रायव्हरने फोडला. आतून चिकट पाणी आले आणि व्हिनेगरसारखा आंबट वास. किती वर्षांचे साठलेले होते कोण जाणे. मी म्हणालो, "हो, असं होतं खरं." दादाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुढचा फोड फोडला.

उपाय असा, की सगळे फोड उघडायचे, घासायचे, गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवायचे आणि मग होडी वाळवायची. ओल्या फायबरवर ठिगळ लावले तर पाणी आत कोंडले जाते आणि फोड पुन्हा येतो. मुंबईत ही होडी दहा वर्षे ठेवली तरी वाळली नसती, तिथली हवाच ओली. म्हणून वर्धा. आजपर्यंत आमच्या उन्हाचे कौतुक करणारा पाहुणा मी पाहिला नव्हता. दादा रोज दुपारी खिडकीतून बाहेर बघून "वा!" म्हणायचा. पारा पंचेचाळीसवर गेला त्या दिवशी तर त्याने हिला शिरा करायला सांगितला.

वाळली की नाही हे कळायचे कसे? तर वजनाने. छोट्या हत्तीत घालून आम्ही तिला धान्याच्या काट्यावर नेली. भरली एकशे एकतीस किलो. अशा होडीचे अंग असावे नव्वद किलोंच्या आसपास. वर चार-पाच किलो जुन्या दुरुस्त्यांचे धरा, म्हणजे उरलेले सगळे पाणी! काटेवाल्याने गंभीरपणे पावती फाडली आणि "माल कोनता लिहू?" म्हणून विचारले. मी म्हणालो, "किरकोळ."

होडी अंगणात पालथी पडली. पालथ्या होडीइतकी गुळगुळीत, उंच आणि कुत्र्यामांजरांपासून सुरक्षित जागा अंगणात दुसरी नाही, हे हिच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी होडीवर लुगडे पसरून उडदाचे पापड वाळत होते. दादा बाहेर आला. मला वाटले, आता भडकणार. त्याने एक अर्धओला पापड उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "आई असतीस वाळवणाच्या पहाऱ्यावर बसवायची आपल्याला." बारा वर्षांत आईचे नाव आमच्यात भांडणाशिवाय निघाले ते पहिल्यांदा.

मग घासाई. तुम्ही कधी फायबर घासला आहे काय? नसेल तर घासू नका. फायबर म्हणजे काचेचे धागे. ग्राइंडर लावला की त्या धाग्यांचा भुगा उडतो आणि मनगटात, मानेत, बनियनच्या आत जाऊन बसतो. खाजकुयलीला जे जमत नाही ते त्याला जमते. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, असा जामानिमा मे महिन्यात करून आम्ही दोघे उभे राहिलो की गल्लीतली पोरे रांगेने बघायला येत. रात्री दोघे भाऊ गच्चीवर पाठ खाजवत बसायचे. स्वतःच्या पाठीला स्वतःचा हात पोचत नाही, ही देवाने केलेली मोठी सोय आहे. अबोला धरलेल्या माणसालाही शेवटी म्हणावे लागते, "जरा डाव्या बाजूला... खाली... हां."

सहा आठवड्यांनी पुन्हा काट्यावर गेलो. एकशे एक किलो! तीस किलो पाणी आमच्या उन्हाने प्यायले होते. दादाने काटेवाल्याला पेढा दिला.

आता ठिगळ मारायचे. दादाजवळ इंग्रजी पुस्तक होते, पण ते थंड देशातल्या माणसाने लिहिलेले. शेवटी आम्ही कूलर दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. वर्ध्यात फायबर कोणाला कळत असेल तर त्याला. दर उन्हाळ्यात निम्म्या गावाच्या कूलरच्या टाक्या तोच सांधतो. त्याने होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "टाकी मोठी हाये, पन काम तेच हाये." मग त्याने तीन डबे ओळीने मांडले. रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर. कोबाल्टचा डबा त्याने अंगणाच्या एका टोकाला नेऊन ठेवला आणि हार्डनरचा दुसऱ्या टोकाला.

"या दोघाईले जवळ नका ठेवू भाऊ," तो म्हणाला. "डायरेक्ट भेटले का भडका. आधी रेझिनमंदी कोबाल्ट घालाचा, चांगला ढवळाचा, मंग हार्डनर. मंधात रेझिन पायजे. मंधात रेझिन असन त मंग हे दोघंच असे पक्के धरतात, का हतोडीनं तुटत नाही."

मी दादाकडे पाहिले नाही. दादाने माझ्याकडे पाहिले नाही. पण दोघांनाही एकाच वेळी तेच आठवले असावे, कारण कूलरवाल्याला चहा आणायला दोघेही एकदमच आत गेलो आणि दारात अडकलो.

रेझिनचा स्वभाव असा, की हार्डनर पडला की ते आतून तापते आणि घट्ट होत जाते. थंडीत अर्धा-पाऊण तास मिळतो, आमच्याकडे भर दुपारी सात मिनिटेही मिळेनात. पहिल्याच दिवशी आम्ही मोठा टमरेलभर माल कालवला आणि मॅट कोणत्या बाजूने कापायची यावर वाद घातला. वाद रंगात येतो न येतो तोच टमरेलातून धूर निघाला आणि आतल्या मालाचा दगड झाला. ब्रशही आत चिणला गेला. तेव्हापासून आम्ही पहाटे पाचला उठून, कपभरच माल, आणि हार्डनर हात राखून, असे काम करू लागलो. दादाचा हात कापतो म्हणून हार्डनर मी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजायचा, आणि माझी नजर कमी म्हणून मॅटखालचे हवेचे बुडबुडे दादाने शोधून रोलरने काढायचे. नीट भांडण करायला माणसाला निदान पंधरा मिनिटे लागतात. आमच्या हातात दहा असायची. त्यामुळे रोज पहाटे एक भांडण सुरू व्हायचे आणि रोज ते अर्धवट सोडून ब्रश हाती घ्यावा लागायचा. महिन्याभरात अर्धवट भांडणांचा एवढा ढीग साठला, की कोणते कुठून पुढे न्यायचे हेच दोघे विसरलो.

दादाला मध्येमध्ये दम लागे. मग तो स्टुलावर बसून मोठमोठ्या गोष्टी सांगे. लष्कराच्या इंजिनिअर दलातल्या लोकांनी १९८५ ते १९८७ मध्ये 'तृष्णा' नावाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती होडी इंग्लंडातून घेतलेली जुनीच होती! गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'तून २००९-१० साली नौदलाचे दिलीप दोंदे एकटे जग फिरून आले! तिलाही आत लाकडाचा गाभा आणि वरून हाच काचेचा लेप! "एकटे?" मी विचारले. "एकटे," दादा म्हणाला, आणि जरा थांबून, "पण त्यांना परत यायला घर होतं," असे काहीसे पुटपुटला. मी रोलर धुवायला घेतला.

शिडे हिने मशीनवर शिवली. निळ्याची फिकट राखाडी झाली होती. जे ऊन फायबर वाळवते तेच शिडाचा धागा खाते, म्हणून ती घरातच गुंडाळून ठेवायची. शेजारचे काका म्हणाले, "वर्ध्यात शीड शिवता, तर खादीचं लावा जी." डोलकाठीचे रिवेट पांढरी भुकटी धरून बसले होते, ते बदलले. सर्वांत नाजूक काम राहिले मधल्या पेटीचे. होडीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात सोडतात, म्हणजे होडी वाऱ्याने आडवी ढकलली जात नाही. ती फळी ज्या उभ्या पेटीत बसते, तिचा तळाशी सांधा हेच जुन्या होडीचे गळण्याचे ठिकाण. डावा सांधा दादाने भरला, उजवा मी. वरून जेलकोट, मग वॉटर पेपर, मग मेण.

आता पाणी. बोर धरण आहे, पण ते व्याघ्रप्रकल्पात. वाघासमोर शिकाऊ नावाडी नेणे बरे नव्हे. शेवटी सिंदी रेल्वेजवळ आमच्या भाच्याच्या शेतातले शेततळे ठरले. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद. पावसाने पोळ्यापर्यंत ते काठोकाठ भरले.

आम्ही निघालो तो नेमका तान्ह्या पोळ्याचा दिवस. सिंदीचा तान्हा पोळा म्हणजे आमच्या जिल्ह्यातली मोठी हौस. पोरे चाकांचे सजवलेले लाकडी बैल ओढत निघालेली, आणि त्या रांगेत चाकांच्या गाड्यावर आमची होडी! एका म्हाताऱ्या बाईंनी तिला ओवाळले आणि दादाच्या हातावर बोजारा म्हणून दहा रुपये ठेवले. दादाने ते कपाळाला लावून खिशात घातले. बँकेतल्या एवढ्या वर्षांत त्याने इतक्या आदराने नोट घेतली नसेल.

होडी पाण्यात उतरली. दादा सुकाणूवर, मी पुढच्या शिडाच्या दोरीवर, काठावर ही, भाचा आणि छत्तीस लाकडी बैल. "काका, फळी जपून हो!" भाचा ओरडला. "खाली प्लास्टिक हाये, फाटलं त तळं गेलं!" वारा आला, शीड भरले आणि होडी अशी काही सुटली, की मला ओरडावेसे वाटले. दहा-बारा सेकंदांत तळे संपले. "वळ!" दादा म्हणाला. वळलो. पुन्हा तळे संपले. अशा आम्ही अकरा येरझारा केल्या. दादाचा हात सुकाणूवर अजिबात कापत नव्हता.

बाराव्या खेपेला माझ्या तळव्यांना गार लागले. खाली पाहिले. मधल्या पेटीच्या उजव्या सांध्यातून बारीक धार येत होती. उजवा सांधा, म्हणजे माझा. मी काही बोलणार तेवढ्यात दादाचेही लक्ष गेले. तो बराच वेळ त्या धारेकडे बघत राहिला.

"माझ्या बाजूनं गळतंय," दादा म्हणाला.

"नाही रे. उजवी बाजू माझी."

"मी सांगतो ना. माझ्याच बाजूनं झालं."

"दादा, तो सांधा मी भरला. चूक माझी आहे."

"मोठा कोण, तू की मी? माझी म्हटलं ना!"

आवाज चढले. काठावरच्या पोरांना वाटले, आता हे म्हातारे मारामारी करतात. पाणी घोट्यापर्यंत आले. तेवढ्यात काठावरून ही ओरडली, "कुणाच्या का बाजूनं गळेना, आधी बाहेर निघा!"

आम्ही दोघेही गप्प झालो. हिने आईचे ते वाक्य कधी ऐकले नव्हते. दादाने मान दुसरीकडे फिरवली आणि बोजाऱ्याची नोट भिजू नये म्हणून वरच्या खिशात सरकवली. मी डबा घेऊन पाणी उपसू लागलो.

दादा मुंबईला परत गेला आहे. होडी इथेच आहे. तळातले बूच काढून, ताडपत्रीखाली वारा खेळेल अशी पालथी ठेवली आहे. उजवा सांधा पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा वाळवून पुन्हा भरायचा आहे, आणि त्याला दोन माणसे लागतात. दर रविवारी सकाळी फोन वाजतो. "बाळ्या, ऊन कसं आहे?"

परवा तर बाहेर मुसळधार कोसळत होते. मी खिडकी लावली आणि म्हणालो, "कडक आहे. ये."